काळीला विद्यापीठ मिळाले, पांढरीला कधी?

आषाढी एकादशीला पंढरपूर भरते आणि त्यानंतरच्या आषाढ वद्य एकादशीला नरसी. या दिवसाला इथे परतवारी म्हणतात. पंढरीहून परतलेले वारकरी नामदेवांच्या जन्मगावी माथा टेकायला येतात. हिंगोलीच्या पश्चिमेला, कयाधू नदीच्या काठावर हे गाव आहे. परंपरा सांगते, की 1270 साली दामाशेटी आणि गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी नामदेव इथे जन्मले. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. म्हणून नरसीत मंदिराबरोबर गुरुद्वाराही आहे आणि नांदेडच्या हुजूरसाहिबाला आलेले पंजाबी भाविक नरसीचीही वाट धरतात.

मंदिराकडे शासनाचे, भाविकांचे, देणगीदारांचे लक्ष असते. मंदिराभोवतीच्या वस्तीकडे कोणाचे असते?

आपल्याकडे गावाची जमीन दोन नावांनी ओळखतात. पिकते ती काळी आणि घरे उभी असतात ती पांढरी. पांढरी म्हणजे गावठाण. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडत आली, त्याच मातीवर पुन्हा उभी राहिली आणि ती जागा उंचावत गेली. आज मराठवाडाभर ही पांढरी ओसरते आहे. कमावती पिढी पुण्याकडे, संभाजीनगरकडे गेली. जे राहिले त्यांनी रस्त्याकडेला सिमेंटची घरे बांधली. आतल्या आळ्यांत कुलूपबंद वाडे आणि खचलेली माळवदे उरली. शहरांतल्या जुन्या पेठांचेही याहून फार वेगळे झालेले नाही.

अशा वस्त्या सावरायला विद्यापीठांनी गावाशी, मोहल्ल्याशी हातमिळवणी करावी, असे जगभर बोलले जाते. नरसीसारख्या ठिकाणी त्याचा अर्थ काय होईल, हे पडताळण्यासाठी इथे दोन आवाज समोरासमोर ठेवले आहेत. एक आहेत नांदेडच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका. दुसरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, गावातच राहणारे गुरुजी. दोघेही कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातल्या संस्था, योजना आणि घटना मात्र खऱ्या आहेत.

प्राध्यापिकांनी सुरुवात केली ती हाताशी असलेल्या बळापासून. “गुरुजी, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 साली झालं, तेच मुळी या भागातल्या मुलांना संभाजीनगरपर्यंत धावावं लागू नये म्हणून. विद्यापीठाचं मॉडेल डिग्री कॉलेज आता हिंगोलीतच आहे. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे. उन्नत भारत अभियान 2014 साली आलं, त्यात प्रत्येक संस्थेनं किमान पाच गावं जोडून घ्यायची आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात तर क्षेत्रकार्याला श्रेयांक मिळतात. म्हणजे गावात काम करणं हा आता अभ्यासक्रमाचाच भाग आहे. नरसीच्या गावठाणासाठी हे सगळं वापरायचं नाही, तर कशासाठी?”

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले. “मॅडम, शिबिरं आम्ही लई बघितली. पोरं येतेत, गल्ल्या झाडतेत, झाडं लावतेत, रात्री पथनाट्य करतेत. सातव्या दिवशी समारोप. पोरं गुणी असतेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आठव्या दिवशी काय? लावलेल्या झाडाला पाणी कोण घालायचं? आमच्याकडून माहिती भरून नेलेले कागद कुठं जातेत? त्यांचा अहवाल कधी ग्रामसभेत वाचला गेलाय का?”

“सात दिवसांचं शिबिर पुरेसं नाही, हे मी मान्य करते.”

“सात दिवसांच्या जागी सत्तर केले तरी तेच. तुमचं वर्ष जूनला सुरू होतं, एप्रिलला परीक्षेत संपतं. आमचं माळवद एप्रिल-मेमध्ये दुरुस्त करावं लागतं, मृगाच्या आधी. ज्या वेळी तुमची गरज, त्या वेळी तुमची सुट्टी.”

हा आक्षेप वरवरचा नाही. विद्यापीठाचा काळ सत्रांत मोजला जातो आणि वस्तीचा काळ पावसाळ्यांत. दोन्ही जुळवायचे तर दरवर्षी बदलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मागे न बदलणारे कोणीतरी लागते.

प्राध्यापिकांनी मग बाहेरचे उदाहरण काढले. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पश्चिमेची वस्ती कित्येक वर्षे खालावत गेली होती. 1992 साली विद्यापीठाने शेजारच्या वस्तीशी भागीदारीसाठी स्वतंत्र केंद्र काढले. प्राध्यापकांचे अभ्यासक्रमच शेजारच्या शाळांच्या आणि आरोग्याच्या प्रश्नांशी जोडले. 2001 मध्ये विद्यापीठाच्या मदतीने तिथे सार्वजनिक शाळा सुरू झाली आणि परिसर पुन्हा राहता झाला. “केंद्र आजही चालू आहे. अध्यक्ष बदलले, विद्यार्थी बदलले, केंद्र राहिलं,” त्या म्हणाल्या.

“आणि तिथं आधी राहणारे लोक? तेही राहिले का?”

प्राध्यापिकांनी उत्तर लपवले नाही. “सगळे नाही. त्या शाळेभोवती घरांच्या किमती आणि भाडी वाढली, त्याचा फटका गरिबांना बसला. त्याआधी 1960 च्या दशकात तर त्याच विद्यापीठाच्या आणि आसपासच्या संस्थांच्या विस्तारासाठी ब्लॅक बॉटम नावाची अख्खी कृष्णवर्णीय वस्ती उठवली गेली होती. हजारो लोक विस्थापित झाले. नंतरच्या भागीदारीवर त्या अविश्वासाची सावली होतीच.”

“मग हेच भ्या वाटतं बघा,” गुरुजी म्हणाले. “अमेरिका दूर राहिली. 2008 साली शिखांच्या गुरूता गद्दीच्या त्रिशताब्दीला नांदेडचं रूप पालटलं. रस्ते रुंद झाले, घाट झाले, गुरुद्वाऱ्याभोवतीचा परिसर मोकळा केला. भाविकांची सोय झाली, हे खरंच. पण त्या जागेवर राहणाऱ्यांना हलावं लागलं. काशीला कॉरिडॉरसाठी तीनेकशे मालमत्ता घेतल्या, पाडल्या. पंढरपूरच्या कॉरिडॉरला तिथले रहिवासी, व्यापारी का विरोध करायलेत? विकासाचा नकाशा आला, की त्यात मंदिर असतं, वाहनतळ असतो, भक्तनिवास असतं. आळी नसते.”

“म्हणूनच नकाशा आधी गावानं करायला हवा. आराखडा बाहेरून येण्याच्या आत. कोणतं घर किती जुनं, कोण राहतं, विहीर कुठं, पालखीची वाट कोणती, याची नोंद गावाच्या हातात असेल, तर आराखडा करणाऱ्याला ती ओलांडून जाता येणार नाही. ती नोंद करायला विद्यापीठ उपयोगी पडेल.”

“करा. पण नोंद गावाच्या कपाटात राहिली पाहिजे, तुमच्या ग्रंथालयात नाही.”

“दोन्हीकडे,” प्राध्यापिका म्हणाल्या आणि हा मुद्दा तिथे मिटला.

संवाद खरा रंगला तो घरे का पडतात या प्रश्नावर. प्राध्यापिकांचा समज होता, की लोकांना जुन्या घरांचे मोल उरले नाही, ते पटवून दिले की निम्मे काम होईल. गुरुजींना हे पटले नाही.

“मोल कळतं, मॅडम. आजोबांनी बांधलेला वाडा पडताना कोणाला बरं वाटतं? पण कागद बघा. शेताला सात-बारा आहे. गावठाणातल्या घराला काय आहे? ग्रामपंचायतीचा नमुना 8. तो घरपट्टीसाठी. त्याच्यावर बँक कर्ज देईना. 2020 साली स्वामित्व योजना आली, ड्रोननं गावठाणं मोजायला लागले, मिळकत पत्रिका मिळायला लागली. चांगलं झालं. पण वाडा अजून आजोबाच्या नावावर. वारस नऊ. दोघं पुण्याला, एक सुरतला, बहिणी आपापल्या घरी. वाटणी नाही, वारसनोंद नाही. छत गळायला लागलं तर खर्च कोण करायचा? प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं करावा. दोन पावसाळ्यांत भिंत येते खाली.”

ते पुढे म्हणाले, “आणि जो राहतो त्याचं ऐका. प्रधानमंत्री आवास योजनेत पक्कं घर बांधायला 1 लाख 20 हजार मिळतेत. जुनं माळवद नीट करायला कोण देतं? गरीब माणूस जुनं पाडणारच. त्याला वारसा समजावून सांगायची गरज नाही, त्याला हिशेब कळतो.”

जुन्या वस्त्यांवरच्या चर्चेत ही बाजू सहसा येत नाही. वास्तुकलेचे विद्यार्थी कोरीव खांबांची चित्रे काढतात, इतिहासाचे विद्यार्थी सनदांचे फोटो घेतात. घर जगते ते मात्र वारसनोंदीने, वाटणीपत्राने आणि दुरुस्तीच्या पैशाने. प्राध्यापिकांनी हे मनावर घेतले आणि त्यावर त्यांनी सुचवलेली गोष्ट कामाची होती. “परतवारीला आणि दिवाळीला बाहेर गेलेली माणसं गावी येतात. त्याच आठवड्यात विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी, तलाठी आणि ग्रामसेवक एका जागी बसवू. वारसांची यादी, संमती, अर्ज जागेवर भरून घेऊ. विद्यार्थ्यांना यातून जे शिकायला मिळेल, ते वर्गात मिळणार नाही.”

“हे झालं तर मी स्वतः घरोघर सांगत फिरीन,” गुरुजी म्हणाले.

दुसरी अडचण होती भीतीची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर लातूर-धाराशिवची 52 गावे नव्या जागी वसवली गेली आणि मराठवाडाभर माळवदाच्या घराकडे लोक संशयाने पाहू लागले. हिंगोली जिल्ह्याला हा धोका परका नाही. 10 जुलै 2024 च्या सकाळी इथेच केंद्र असलेला 4.5 तीव्रतेचा धक्का बसला. त्याच वर्षी मार्चमध्येही जमीन हादरली होती.

“अशा घरात राहा, असं मी कोणाला कोणत्या तोंडानं सांगू?” गुरुजींनी विचारले.

इथे प्राध्यापिकांचे पारडे जड झाले. माळवद मुळात वाईट नसते, हे त्यांनी उलगडून सांगितले. लाकडी खांब-तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर, अशी ही रचना. ती उन्हाळ्यात घर थंड ठेवते. गळती थांबवण्यासाठी दरवर्षी नवी माती चढवत गेल्याने छताचे वजन वाढत जाते, हा पहिला दोष. रुंद भिंतीचे बाहेरचे आणि आतले दगड एकमेकांत गुंतवलेले नसतात, मध्ये नुसता भराव असतो, हा दुसरा. त्यामुळे धक्क्यात भिंत दोन्हीकडे फुटते. किल्लारीनंतर अभियंत्यांनी उपायही सांगितले होते. मातीचा थर कमी करायचा. भिंतीत आरपार जाणारे जोडदगड बसवायचे. खांब आणि तुळई तिरप्या लाकडांनी जखडायची. घराभोवती पट्टा बांधायचा. “नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्राचा अभ्यास चालतो, अभियांत्रिकी महाविद्यालयं जवळ आहेत. कोणतं घर राहण्याजोगं, कोणतं दुरुस्त होण्याजोगं, कोणतं आजच रिकामं करावं, हे घरोघर तपासून लेखी देता येईल. हे काम गावाला एकट्यानं जमणार नाही. ते आमचंच आहे.”

गुरुजींनी मान हलवली. “आणि गवंडी? जोडदगड बसवायला गवंडी लागतो. आताची पोरं विटा-सिमेंटवर शिकलेली.”

“आयटीआयमध्ये त्याचा छोटा अभ्यासक्रम घेता येईल. गावातला एखादा म्हातारा गवंडी शिक्षक म्हणून बोलवू. मानधन देऊन.”

“मानधन देऊन,” गुरुजींनी शब्द पक्का करून घेतला.

इतिहासाचा विषय निघाला तेव्हा दोघांच्या भूमिका पुन्हा दुरावल्या. प्राध्यापिका सांगत होत्या, की नामदेवांवरचे संशोधन दूरवर पसरले आहे. महाराष्ट्र शासनाने 1970 मध्ये नामदेव गाथा प्रसिद्ध केली. पुणे विद्यापीठात नामदेवांच्या नावाचे अध्यासन झाले. 2015 साली पंजाबातल्या घुमानला, नामदेवांच्या वास्तव्याने पावन मानल्या गेलेल्या गावी, 88 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नामदेवांचे जन्मगाव कोणते यावरही वाद झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी ती नरसी कराडजवळची मानली होती. अशा वादांत स्थानिक पुरावे, मौखिक परंपरा, घराघरांतल्या वह्या यांना किंमत असते.

“हेच तर,” गुरुजी म्हणाले. “पुस्तकं पुण्यात, अध्यासन पुण्यात, संमेलन पंजाबात. जन्मगावी काय आहे? इथली म्हातारी माणसं जे सांगतेत ते टेप करून नेतेत, पुढं कोणाच्या तरी पीएचडीत जातं. सांगणाऱ्याचं नावसुद्धा येत नाही.”

प्राध्यापिकांनी बचाव केला, की संशोधनाला तटस्थपणा लागतो, गावाला आवडेल तेवढेच लिहायचे म्हटले तर ते संशोधन राहत नाही. हा मुद्दाही खरा आहे. भागीदारी म्हणजे विद्यापीठाने गावाची भाटगिरी करणे नव्हे. जन्मस्थानाच्या वादात अभ्यासकाला गावाविरुद्ध जाणारा पुरावा मिळाला, तर तो त्याने मांडलाच पाहिजे. मात्र सांगणाऱ्याचे नाव, त्याची परवानगी, ध्वनिमुद्रणाची प्रत गावच्या वाचनालयात आणि निष्कर्ष मराठीत, एवढे देण्याने तटस्थपणाला कुठेही बाध येत नाही. गुरुजींची मागणी तेवढीच होती.

पैशाच्या प्रश्नावर मात्र गुरुजींनी प्राध्यापिकांना थांबवले. जुन्या वाड्यांत भाविकांच्या मुक्कामाची सोय करावी, पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेसारखा आधार घ्यावा, घराला उत्पन्न मिळाले की ते टिकेल, अशी प्राध्यापिकांची मांडणी होती.

“वारकऱ्याकडून मुक्कामाचे पैसे घ्यायचे? परतवारीला आलेला माणूस ओसरीवर झोपतो, आपल्या घरात जेवतो. ते आपलं भाग्य समजतेत लोक. पंजाबचे भाविक येतेत त्यांना लंगरची सवय. दोन्ही परंपरांत अन्नाला दर लावत नाहीत. तुम्ही दरपत्रक टांगलं की गावाचं मन दुखावेल.”

प्राध्यापिका थोडा वेळ विचारात पडल्या. मग त्यांनी विचारले, “आणि जे लोक यात्रेशिवाय येतात? अभ्यासक, प्रवासी, परदेशातून आलेली शीख कुटुंबं?”

“त्यांच्याकडून घ्या. हळद विका त्यांना. आमच्या जिल्ह्याची हळद आता देशाला ठाऊक आहे, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. पण यात्रेच्या दिवसांत ओसरी फुकटच राहू द्या.”

उत्पन्न कोठून आणि सेवा कोठे, ही सीमा गावानेच आखायची असते. बाहेरून आलेल्या प्रकल्प अहवालात ती सापडत नाही. या एका देवघेवीत प्राध्यापिकांना जे कळले, ते त्यांच्या प्रश्नावलीच्या कोणत्याच रकान्यात बसले नसते.

आणि मग गुरुजींनी ती गोष्ट सांगितली जी या साऱ्या वादाच्या मुळाशी आहे. “मॅडम, सगळीच पोरं सात दिवसांत पळत नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठाची पोरं येतेत ना गावोगाव, कृषिदूत, कृषिकन्या? ती मुक्काम करतेत. शेतात उतरतेत. बीजप्रक्रिया करून दाखवतेत. पुढच्या वर्षी दुसरी पोरं येतेत, पण काम तेच पुढं चालतं. का? कारण मागं कृषी विज्ञान केंद्र आहे. तोंडापूरला जा, विचारा, उत्तर देणारा माणूस बसलेला असतो.”

शेतीच्या बाबतीत आपण हा धडा फार पूर्वी शिकलो. देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र 1974 साली पुद्दुचेरीत सुरू झाले. आज अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्राला प्रमुख शास्त्रज्ञ आणि सहा विषय विशेषज्ञ मंजूर असतात. सल्लागार समितीत शेतकरी बसतात. कृषी विद्यापीठात शिक्षण आणि संशोधनाच्या बरोबरीने विस्तार शिक्षण हे तिसरे अधिकृत काम मानले जाते. त्यासाठी संचालक असतो, निधी असतो, माणसे असतात. परभणीचे विद्यापीठ 1972 साली झाले, तेव्हापासून मराठवाड्याच्या काळीला विद्यापीठ भेटते आहे. पांढरीला तसे काहीच भेटले नाही. तिच्यासाठी आहे ते सात दिवसांचे शिबिर, दोन श्रेयांकांचा प्रकल्प आणि एखाद्या उत्साही प्राध्यापकाची सुट्टी. तो प्राध्यापक बदलून गेला की काम संपते.

प्राध्यापिकांचा विश्वास खरा होता, विद्यापीठाकडे ज्ञान आहे. गुरुजींचा संशयही खरा होता, ते ज्ञान गावात थांबत नाही. या दोन्ही गोष्टींना एकच उत्तर आहे आणि ते सद्‌भावनेत नसून रचनेत आहे. नरसीला आणखी एक शिबिर नको. हिंगोलीत एक कायमस्वरूपी गावठाण विस्तार केंद्र हवे, कृषी विज्ञान केंद्राच्या धर्तीवर. तिथे एक बांधकाम अभियंता, एक भूमापन आणि मिळकत कागदपत्रांचा जाणकार, एक इतिहासाचा अभ्यासक आणि एक समाजकार्यकर्ता पूर्णवेळ बसावा. विद्यार्थी त्यांच्या हाताखाली येतील-जातील. पुढच्या तुकडीला मागच्या तुकडीची वही मिळेल.

त्याला अटी हव्यात आणि त्या आधी लिहून घ्यायला हव्यात. करार किमान पाच वर्षांचा असावा. कामांचा क्रम ग्रामसभेने ठरवावा. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, त्यांतल्या एकीत केंद्राने मराठीत हिशेब द्यावा, झालेल्या आणि न झालेल्या कामांचाही. गावातून नेलेल्या प्रत्येक नोंदीची प्रत गावात राहावी. गावातल्या जाणकारांना त्यांच्या वेळेचा मोबदला मिळावा. पहिल्या वर्षी मंदिराला हातही लावू नये. वारसनोंदी, घरांची भूकंप-तपासणी आणि राहत्या माळवदांची दुरुस्ती ही तीन कामे घ्यावीत, कारण जुनी वस्ती टिकते ती तिथे माणसे राहतात म्हणून.

शासनाकडेही एक मागणी आहे. घरकुल योजनेत जुने घर सुरक्षित करून घेण्याचा पर्याय द्या. पाडायला पैसा मिळतो आणि सावरायला मिळत नाही, तोवर कोणतीही भागीदारी तोकडीच पडेल.

नांदेडचे विद्यापीठ, हिंगोलीची महाविद्यालये आणि नरसीची ग्रामपंचायत यांनी एकत्र बसावे आणि येत्या परतवारीच्या आधी पहिला करार करावा. पुढाकार विद्यापीठाने घ्यावा, पण सभा गावात भरावी.